पूर ओसरताना मोजायचा : तरुण ताऱ्यांचे फ्लेअर आणि क्ष-किरण

२२ फेब्रुवारी २०२४ ला सूर्यावर एक दणदणीत फ्लेअर झाला. वर्ग एक्स ६.३. आपल्या आदित्य-एल१ यानावरच्या 'सूट' या दुर्बिणीने तो टिपला. ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने तयार केली आहे, त्यामुळे आमच्या क्षेत्रातल्या मराठी मंडळींना त्याचं जरा जास्तच कौतुक. एक्स वर्गाचे फ्लेअर हे सूर्याचे सर्वांत ताकदवान फ्लेअर. असा मोठा फ्लेअर झाला की पृथ्वीवरच्या रेडिओ संपर्कात अडथळे येतात.

आता अशी कल्पना करा की सूर्यासारख्याच वस्तुमानाचा एक तारा आहे आणि त्याच्यावर याच्या शंभर पटींहून मोठा फ्लेअर साधारण दर आठवड्याला होतो. हा कुठला विचित्र, अपवादात्मक तारा नाही. सूर्यासारखे तारे लहानपणी असेच असतात आणि आपला सूर्यही बहुधा असाच होता.

हे आपल्याला कसं कळलं? आणि त्यातलं काय अजून वादात आहे? आज त्याबद्दल लिहितो.

चार दिवसांचं बाळ

१८५२ मध्ये जॉन रसेल हिंड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला वृषभ राशीत एक तारा सापडला. त्याची चमक कमी-जास्त व्हायची, पण तिला ठरावीक ताल नव्हता. या ताऱ्याचं नाव टी टॉरी. पुढे १९४५ मध्ये आल्फ्रेड जॉय यांनी अशाच अकरा ताऱ्यांचा मिळून एक वेगळा गट मांडला आणि त्या गटालाही हेच नाव मिळालं : टी टॉरी तारे. मराठीत चमक बदलणाऱ्या ताऱ्यांना 'रूपविकारी तारे' म्हणतात. त्यातलेच हे, पण वयाने अगदी कोवळे.

कोवळे म्हणजे किती? सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं. टी टॉरी ताऱ्यांचं वय दहा लाख ते काही दशलक्ष वर्षं. सूर्याला ४६ वर्षांचा माणूस धरलं, तर दहा लाख वर्षांचा तारा म्हणजे जेमतेम चार दिवसांचं बाळ. त्याच्या केंद्रात हायड्रोजनचं ज्वलन अजून नीट सुरूच झालेलं नसतं. तो स्वतःच्या वजनाने आकसतो आहे आणि त्या आकसण्यातूनच त्याला ऊर्जा मिळते. बहुतेकांच्या भोवती वायू आणि धुळीची तबकडी असते. ग्रह तयार होतात ते याच तबकडीत.

अशा ताऱ्याची चमक का बदलते? कारणं एकाहून जास्त आहेत. तबकडीतला वायू ताऱ्यावर कोसळतो, तिथला भाग तापतो आणि चमक वाढते. ताऱ्यावर मोठमोठे थंड डाग असतात, तारा फिरला की ते समोर येतात आणि चमक कमी होते. कधी तबकडीतली धूळच आड येते. आणि चौथं कारण म्हणजे फ्लेअर. साध्या प्रकाशात पाहिलं तर ही सगळी कारणं एकमेकांत मिसळलेली दिसतात. क्ष-किरणांत पाहिलं की चित्र बरंच स्वच्छ होतं, कारण या ताऱ्यांचे बहुतेक क्ष-किरण चुंबकीय उलाढालीतूनच येतात.

फ्लेअर म्हणजे नक्की काय

ताऱ्याच्या पृष्ठभागातून चुंबकीय क्षेत्राच्या कमानी बाहेर आलेल्या असतात. खालचा वायू सतत ढवळला जात असतो, त्यामुळे कमानींचे पाय सरकतात आणि त्यांना पीळ बसत जातो. पीळ फार झाला की क्षेत्ररेषा तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. रबर ताणून सोडल्यावर होतं तसं, साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने कमानीतून खाली धावतात, पृष्ठभागाजवळच्या वायूवर आपटतात, तो वायू तापून वर उसळतो आणि कमान भरून टाकतो. हा तापलेला वायू म्हणजे प्लाझ्मा. आपल्याला दिसणारे क्ष-किरण मुख्यतः त्याचेच.

सूर्याच्या फ्लेअरमध्ये तापमान एक-दोन कोटी अंशांपर्यंत जातं. तरुण ताऱ्यांच्या मोठ्या फ्लेअरमध्ये ते दहा कोटींच्या घरात जातं. याचं कारण दुहेरी आहे. सूर्याला एक फेरी मारायला सुमारे २७ दिवस लागतात, तर हे तारे काही दिवसांतच फिरतात. शिवाय सूर्यात फक्त बाहेरचा थर उकळत्या पाण्यासारखा खालीवर होतो, या ताऱ्यांत जवळपास सगळा तारा खालीवर होत असतो. वेगात फिरणं आणि खोलवर ढवळणं, यातून जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं. म्हणूनच फ्लेअर नसतानाही यांचे क्ष-किरण आजच्या सूर्याच्या हजारपट किंवा त्याहून जास्त असतात.

सावित्रीचा आलेख

इथे मला आमच्या भागातली एक गोष्ट मदतीला घ्यावी लागेल. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते आणि पुढे महाडला. घाटमाथ्यावर धो धो कोसळलेला पाऊस काही तासांत खाली पोचतो. जुलै २०२१ च्या पुराबद्दल महाडच्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. पाणी कसं बघता बघता चढतं आणि उतरताना किती वेळ घेतं, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

पाण्याची पातळी दर काही मिनिटांनी नोंदवून आलेख काढला तर तो असा दिसतो : उभा चढ, टोक आणि मग लांबलचक उतार. क्ष-किरणांतल्या फ्लेअरचा आलेख जवळपास असाच असतो. चढ झटकन, कारण ऊर्जा एकदम सुटते. उतार सावकाश, कारण कमानीत भरलेला तापलेला प्लाझ्मा थंड व्हायला वेळ लागतो.

या तुलनेतून दोन गोष्टी कळतात आणि माझ्या मते या विषयाचा सगळा गाभा त्या दोन गोष्टींत आहे.

पहिली : रोज सकाळी आठ वाजता पुलावर जाऊन एकदाच पातळी बघितली, तर रात्री येऊन ओसरलेला पूर तुमच्या वहीत येणारच नाही. वर्षभराची नोंद असेल, पण पूर नसेल. नदी शांत आहे असा निष्कर्ष काढाल आणि तो चुकेल.

दुसरी : पूर किती उंच चढला, यापेक्षा तो कसा उतरला यावरून नदीबद्दल जास्त कळतं. डोंगरातला छोटा ओढा दोन तासांत उतरतो. मोठ्या पाणलोटाची नदी दिवसभर फुगलेली राहते. उतार हा आकाराचा पुरावा असतो.

तेरा दिवस एकटक

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करू. क्ष-किरण आपल्या वातावरणातून जमिनीपर्यंत येत नाहीत, त्यामुळे दुर्बीण वर न्यावी लागते. १९७८ मध्ये सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेने तरुण ताऱ्यांच्या वसाहती क्ष-किरणांत पाहिल्या, तेव्हा एकाच ठिकाणी पुन्हा पाहिलं की वेगळेच तारे चमकत असायचे. नाताळच्या झाडावरचे दिवे लुकलुकावेत तसे. पण एक तारा काही तासच पाहिला तर हाती काय लागणार?

हिशोब करून बघा. समजा, मोठा फ्लेअर साधारण साडेसात दिवसांतून एकदा होतो, म्हणजे १८० तासांतून एकदा. तुम्हाला दुर्बिणीचे सहा तास मिळाले. फ्लेअरची सुरुवात त्या सहा तासांत होण्याची शक्यता तीसात एक. उरलेल्या एकोणतीस वेळा तुम्ही म्हणाल, तारा स्थिर आहे.

जानेवारी २००३ मध्ये यावर उपाय झाला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव असलेली 'चंद्रा' ही क्ष-किरण वेधशाळा तेरा दिवसांच्या काळात सुमारे दहा दिवस एकाच जागी रोखून ठेवली गेली. ती जागा म्हणजे मृग नक्षत्रातला तेजोमेघ. आपल्यापासून साधारण १३५० प्रकाशवर्षं दूर. तिथे एकाच चौकटीत १४०० हून अधिक तरुण तारे क्ष-किरणांत दिसले.

त्यातले २८ तारे सूर्याच्या वस्तुमानाचे होते. २८ तारे दहा दिवस पाहणं म्हणजे एकच तारा नऊ महिने पाहिल्यासारखं. त्यातून जो वेग निघाला तो वर हिशोबात घेतला तोच : दर ताऱ्याला सुमारे साडेसात दिवसांत एक मोठा फ्लेअर. बाकीचा, म्हणजे जवळपास पाऊण वेळ, तारा आपल्या नेहमीच्या पातळीवर असतो. त्या वेधांत दिसलेल्या मोठ्या फ्लेअरची ऊर्जा सूर्याच्या मोठ्या फ्लेअरच्या शेकडो ते हजारो पट निघाली.

लक्षात घ्या, 'चंद्रा'ला हे जमलं यामागे तिची कक्षा आहे. ती पृथ्वीपासून फार दूर जाते, एका फेरीला तिला सुमारे ६४ तास लागतात. त्यामुळे पृथ्वी मध्ये न येता ती तासन् तास एकाच दिशेला पाहू शकते.

उतारावरून कमानीची लांबी

आता दुसरा मुद्दा, आणि हा वादाचा आहे.

एवढ्या लांबून फ्लेअरची कमान फोटोत दिसत नाही. तारा स्वतःच एक बिंदू आहे, कमान कुठून दिसणार? तिची लांबी काढायची ती उतारावरून. लांब कमानीतला प्लाझ्मा थंड व्हायला जास्त वेळ घेतो, आखूड कमानीतला लवकर थंड होतो. तापमान क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून कळतं. उताराचा वेळ आणि तापमान, या दोन्हींवरून लांबीचा अंदाज येतो.

मृगातल्या काही फ्लेअरचे उतार इतके लांब होते, की कमानी ताऱ्याच्या त्रिज्येच्या अनेक पट लांब असाव्यात असं उत्तर आलं. सूर्याच्या कमानी त्याच्या त्रिज्येपेक्षा लहान असतात. मग एवढ्या मोठ्या कमानीचं दुसरं टोक कुठे रोवलेलं असेल? २००५ मध्ये एक आकर्षक कल्पना मांडली गेली : एक पाय ताऱ्यावर, दुसरा तबकडीवर. तारा एका वेगाने फिरतो, तबकडी दुसऱ्या वेगाने, त्यामुळे कमान ताणली जाते आणि तुटते.

पण पुराचं उदाहरण पुन्हा घ्या. महाडला पाऊस थांबला, तरी वर महाबळेश्वरला पडतच असेल तर? पाणी उतरणार नाही. आणि महाडला बसून कुणी म्हणेल, पाणलोट फार मोठा दिसतो. खरं कारण वेगळं असेल : वरून भर चालूच आहे. फ्लेअरमध्येही हेच होतं. पहिल्या स्फोटानंतर छोट्या छोट्या तुटण्यांतून ऊर्जा येत राहिली, तर उतार लांबतो आणि कमान आहे त्यापेक्षा लांब वाटते.

हे ओळखायची एक युक्ती आहे. उतारात दोन गोष्टी एकत्र पाहायच्या : तापमान किती वेगाने घसरतं आणि प्लाझ्माची घनता किती वेगाने. भर थांबलेली असेल तर तापमान भराभर खाली येतं. भर चालू असेल तर घनता कमी होत असतानाही तापमान तग धरून राहतं. यासाठी उतारभर पुरेसे फोटॉन हवेत आणि मध्ये खंड नको. नुसतं टोक पकडून भागत नाही.

पुढे आणखी एक तपासणी झाली. ज्यांच्याभोवती तबकडी उरलेलीच नाही अशा तरुण ताऱ्यांवरही तितकेच मोठे फ्लेअर आणि तितक्याच मोठ्या कमानी दिसल्या. नंतर हजाराहून अधिक मोठ्या फ्लेअरची तुलना झाली, तेव्हाही तबकडीवाले आणि तबकडी नसलेले तारे यांच्या फ्लेअरमध्ये म्हणावा तसा फरक आढळला नाही. म्हणजे मोठ्या कमानीसाठी तबकडीची गरज आहेच असं नाही, दोन्ही पाय ताऱ्यावर असूनही ती उभी राहू शकते. तारा ते तबकडी अशी एकही कमान नसतेच, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. काही वैयक्तिक फ्लेअरच्या बाबतीत तो पर्याय अजून टेबलावर आहे.

आपल्याकडची साधनं

'ॲस्ट्रोसॅट' हा भारताचा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला गेला. त्यावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण, जिला आम्ही 'एसएक्सटी' म्हणतो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्या जोडीला त्याच उपग्रहावर अतिनील दुर्बीण आहे. दोघी एकाच वेळी एकाच ताऱ्याकडे पाहू शकतात, हे तिचं खरं बळ. वायू कोसळण्याचा परिणाम अतिनील प्रकाशात ठळक दिसतो, चुंबकीय फ्लेअर क्ष-किरणांत. चमक वाढली तेव्हा नक्की काय झालं, हे दोन्ही आलेख शेजारी ठेवले की वेगळं करता येतं.

अडचणीही सांगायला हव्यात. ॲस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर आहे आणि शंभरेक मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो. प्रत्येक फेरीत बराच वेळ पृथ्वीच आड येते. त्यामुळे आलेखाचे तुकडे पडतात : थोडा वेळ नोंद, मग खंड, मग पुन्हा नोंद. लांब उताराचा फ्लेअर असेल तर तुकडे जोडून उतार काढता येतो. छोटा फ्लेअर खंडात गेला तर गेला. शिवाय एसएक्सटीची नजर 'चंद्रा'इतकी बारीक नाही. मृगातल्या दाटीवाटीत ती शेजारशेजारचे तारे वेगळे करू शकत नाही. सुट्ट्या, तेजस्वी ताऱ्यांसाठी मात्र ती उपयोगी आहे.

दुसरं साधन म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. रेडिओ लहरींना ढगांची अडचण नाही. डीजी टॉरी या तरुण ताऱ्यातून निघणाऱ्या फवाऱ्यात, प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारे इलेक्ट्रॉन असावेत, असे संकेत याच दुर्बिणीच्या नोंदींतून २०१४ मध्ये मिळाले. हे फ्लेअरचे इलेक्ट्रॉन नव्हेत, पण कोवळ्या ताऱ्याभोवती कण किती वेगवान होऊ शकतात, हे त्यातून कळतं.

एक अपवादही सांगतो. बहुतेक फ्लेअर कधी होतील ते आधी सांगता येत नाही. डीक्यू टॉरी ही मात्र दोन तरुण ताऱ्यांची जोडी आहे. लांबट कक्षेत फिरताना दर १५.८ दिवसांनी दोघे अगदी जवळ येतात, त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत घुसतात आणि त्याच सुमाराला फ्लेअर दिसतात, मिलिमीटर लहरींत आणि क्ष-किरणांतही. भरती-ओहोटीसारखं आधी वेळापत्रक काढून दुर्बीण मागता येईल, असे तारे फार थोडे.

तबकडीतल्या ग्रहांचं काय?

'याचा उपयोग काय?' हे घरी हमखास विचारलं जातं. उत्तर असं की हे सगळं चालू असतं तेव्हाच शेजारी ग्रह घडत असतात.

फ्लेअरचे क्ष-किरण तबकडीवर पडतात याचा थेट पुरावा आहे. काही तरुण ताऱ्यांच्या फ्लेअरमध्ये थंड लोहाची विशिष्ट ऊर्जेची क्ष-किरण रेषा दिसते. दहा कोटी अंशांच्या प्लाझ्मातलं लोह अशी रेषा देत नाही. ती येते तबकडीसारख्या थंड जागेतल्या लोहावर क्ष-किरण पडले तर.

या माऱ्याने तबकडीतला वायू तापतो, वरचा थर हळूहळू उडून जातो. म्हणजे ग्रह घडायला किती वेळ मिळणार, हे काही अंशी क्ष-किरण ठरवतात. दुसरीकडे याच क्ष-किरणांमुळे वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सुटे इलेक्ट्रॉन असले तरच वायूवर चुंबकीय क्षेत्राची पकड बसते आणि वायू आत सरकू शकतो. त्यामुळे फ्लेअर म्हणजे निव्वळ नासधूस, असं म्हणता येत नाही.

आणि आपला सूर्य? १९६९ मध्ये मेक्सिकोत अयेंदे नावाची अशनी पडली. तिच्यातले पांढरट कण सूर्यमालेतल्या सर्वांत जुन्या घन पदार्थांपैकी आहेत. २००० मध्ये त्या कणांत बेरिलियम-१० च्या खुणा सापडल्या. याचं अर्धायुष्य फक्त सुमारे १४ लाख वर्षं, म्हणजे मूळचं बेरिलियम केव्हाच संपलं, त्यातून झालेलं बोरॉन तेवढं उरलं. ताऱ्याच्या पोटात बेरिलियम टिकत नाही. ते तयार होतं वेगवान कण दुसऱ्या अणूंवर आदळून. हे कण तरुण सूर्याच्या फ्लेअरमधले असावेत, असं एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. दुसरं म्हणजे ते दूरच्या वैश्विक किरणांतून आधीच आलेले असावेत. या दोनांतून निवड करायची तर सूर्यासारखे कोवळे तारे किती वेळा, किती मोठे आणि किती लांब कमानींचे फ्लेअर करतात, हे आकड्यांत माहीत हवं. उतार मोजण्याची सगळी खटपट त्यासाठीच.

शेवटी, हे तारे बघायचे कुठे ते सांगतो. आपल्याकडे शेतकरी मृग नक्षत्र ओळखतो ते जूनच्या पावसावरून. तेव्हा सूर्य मृगात असतो, त्यामुळे ते नक्षत्र दिवसा डोक्यावर आणि आपल्याला अदृश्य. क्ष-किरण दुर्बिणीही सूर्याच्या जवळ रोखत नाहीत, त्यामुळे तो काळ त्यांनाही बंदच. जानेवारीच्या शेवटी रात्री नऊ-दहाला पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या बाजूला, गावच्या दिव्यांपासून जरा दूर उभे राहा. मृग दक्षिणेला उंच असेल. तीन ताऱ्यांच्या बाणाखाली अंधुक, धुरकट ठिपका दिसेल : तोच तेजोमेघ. साधी द्विनेत्री असेल तर उत्तम. तिथून पश्चिमेकडे लालसर रोहिणी शोधा, टी टॉरी त्याच भागात आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दिसायला रोहिणीच्या शेजारी असला तरी अंतर वेगळं : रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, टी टॉरी सुमारे ४७० प्रकाशवर्षांवर.

पुढच्या लेखात एसएक्सटीच्या नोंदीतून प्रत्यक्ष उताराचा आलेख कसा काढतात, खंड कसे हाताळतात आणि त्रुटीची मर्यादा किती धरायची, ते टप्प्याटप्प्याने बघू.